मेक्सिकोचा स्टॉल लागावा, पण पाकिटातला नको



यंदाच्या स्नेहसंमेलनातील आनंदमेळ्यासाठी इयत्ता नववीच्या मुलींनी माझ्याकडे अर्ज दिला आहे. त्यांना मेक्सिकन पदार्थांचा स्टॉल लावायचा आहे. सोबत सामानाची यादी होती. नाचोजची पाकिटे, टाकोची तयार कवचे, चीज सॉस, मेयोनीज, बाटलीतला साल्सा. यातले निम्मे सामान इचोड्यात मिळत नाही, आदिलाबादहून किंवा थेट हैदराबादहून मागवावे लागेल. एकूण खर्च २,६०० रुपये, म्हणजे वर्गातील २६ मुलांकडून प्रत्येकी १०० रुपये.

त्याच आठवड्यात विश्वस्त मंडळाची बैठक होती. तेथे एका ज्येष्ठ सदस्यांनी हरकत घेतली. तेलंगणात राहून आपण मराठी शाळा एवढ्या कष्टाने टिकवली, तिच्या संमेलनात मेक्सिको कशाला? झुणका-भाकर ठेवा, पुरणपोळी ठेवा, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या वयाचा आणि कळकळीचा मी आदर करतो. तरीही माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते सर्वांसमोर मांडावे म्हणून हा लेख.

मुलींना स्टॉल लावू द्यावा. मात्र त्या यादीतील एकही पाकीट शाळेच्या फाटकातून आत येऊ नये.

आधी मेक्सिकोबद्दल. आपण ज्याला परदेशी म्हणून लांब ठेवतो त्या देशाची अर्धी शेती आपल्या घरात आहे. मक्याचा जन्म तेथला. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोतील बालसास नदीच्या खोऱ्यात एका रानगवतापासून शेतकऱ्यांनी मका घडवला. मिरचीही तिकडचीच. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, त्यानंतर ती आपल्याकडे पसरली. ज्ञानेश्वर माउलींनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली तेव्हा महाराष्ट्रात कोणीही मिरचीचा ठेचा खाल्लेला नव्हता. तिखटपणा होता तो मिऱ्याचा, आणि मिरचीला नावही मिऱ्यावरूनच पडले. टोमॅटो आणि चिकू ही नावे तर मेक्सिकोच्या जुन्या नाहुआतल भाषेतून आलेली. दसऱ्याला आपण दाराला झेंडूचे तोरण बांधतो, तो झेंडूही मूळचा मेक्सिकोचा. तेथे १ आणि २ नोव्हेंबरला लोक आपल्या पितरांसाठी घरात नैवेद्य मांडतात आणि वाटेवर झेंडूच्या पाकळ्या पसरतात. पितर त्या वासाने घर ओळखतात अशी त्यांची श्रद्धा आहे.

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. कांदा, कोथिंबीर, लिंबू, गहू, तांदूळ, ऊस आणि दुभती गाय हे सारे स्पॅनिश लोकांबरोबर समुद्र ओलांडून मेक्सिकोत गेले. म्हणजे मुलींच्या यादीतील चीज हाच तेथे मागाहून आलेला पाहुणा.

नाचोजची गोष्ट मला फार आवडली. १९४० च्या दशकात मेक्सिकोच्या उत्तर सीमेवर, पिएद्रास नेग्रास नावाच्या गावात, इग्नासिओ अनाया हे गृहस्थ एका उपाहारगृहात काम करत होते. लाडाने त्यांना 'नाचो' म्हणत. नदीपलीकडून काही अमेरिकन सैनिकांच्या पत्नी अवेळी जेवायला आल्या. स्वयंपाकी जागेवर नव्हता. अनायांनी हाताशी होते तेच घेतले, तळलेल्या मक्याच्या रोटीचे तुकडे, त्यावर चीज आणि मिरचीच्या चकत्या. तोच पदार्थ पुढे जगभर त्यांच्या नावाने गेला. सीमेवरचे गाव, मध्ये नदी, आणि घरात असेल त्यातून पाहुण्याची सरबराई. पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे सोयरिकी असणाऱ्या आपल्या लोकांना हे काही नवीन नाही.

आता एका मराठी माणसाबद्दल, कारण आमच्या ज्येष्ठ सदस्यांना हे नाव नक्की भावेल. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. आपल्या महामार्गाने उत्तरेला निघालो की पांढरकवडा, हिंगणघाट आणि मग वर्धा, एवढे ते जवळचे. ऐन तारुण्यात ते देशासाठी घर सोडून अमेरिकेत गेले, १९१३ च्या गदर चळवळीच्या पहिल्या फळीत होते. इंग्रजांमुळे मायदेशी परतणे शक्य नव्हते, म्हणून १९२४ मध्ये ते मेक्सिकोला पोचले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी मक्याच्या सुधारित वाणांवर काम केले. गरीब शेतकऱ्यांसाठी विनाशुल्क कृषिशाळा काढल्या. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा त्यांचे मित्र, त्यांनी मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगवले. १९५५ मध्ये ते भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. मेक्सिकोला मका शिकवणारा वऱ्हाडी बोलीचा मास्तर! आपल्या पाठ्यपुस्तकात मला त्यांचा धडा कधी भेटला नाही. तेव्हा मेक्सिकोच्या स्टॉलवर त्यांचा फोटो लावला तर मराठी शाळेत मेक्सिको कशाला हा प्रश्न उरणार नाही, असे मला नम्रपणे वाटते.

आता पाकिटांकडे वळतो. येथे मला माझ्याच एका चुकीची कबुली द्यायची आहे. गेल्या वर्षी एका वर्गाने स्टॉलसाठी प्रत्येकी दीडशे रुपये गोळा केले. मी सही करून परवानगी दिली. मेळा छान झाला, फोटो निघाले. चार दिवसांनी सहज हजेरीपट चाळला तेव्हा दिसले की त्या वर्गातील चार मुले मेळ्याच्या दिवशी गैरहजर होती. चौघेही वस्तीवरून चालत येणारे. त्यांच्या पालकांनी तक्रार केली नाही. मुलांना विचारले तर एकाला ताप होता, एकाची आजी आजारी होती. मी पुढे विचारले नाही. ज्या घरात मका, मिरची, अंबाडी स्वतःच्या रानातली आहे, त्या घरची मुले खाण्याच्या मेळ्याला आली नाहीत.

हे मला जरा जास्त लागले, त्याला कारण आहे. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. (माझ्या मराठीत हिंदी वळणे येतात ती त्यामुळे, मराठीच्या बाई ती दुरुस्त करतातच.) वसतिगृहात आई फडक्यात ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा बांधून देत असे. पहिल्याच आठवड्यात एक सोबती हसत म्हणाला, "अरे, ये तो हमारे यहाँ जानवर खाते हैं।" त्याच्या मनात काही वाईट नव्हते. पण पुढची तीन वर्षे मी ते फडके पेटीच्या तळाशी ठेवले आणि सर्वजण झोपल्यावर खाल्ले. आईला हे कधी सांगितले नाही.

म्हणून मी म्हणतो, मेक्सिकन स्टॉल लावा आणि तो मेक्सिकोतील आजीबाई लावतील तसा लावा. तिच्याकडे पाकीट नसते. मक्याचे दाणे असतात, चुना असतो आणि पाटा-वरवंटा असतो. कृती मी वाचली आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी करूनही पाहिली. एक किलो वाळलेला मका, तीन लिटर पाणी आणि दोन चहाचे चमचे ओला खाण्याचा चुना, पानाला लावतो तोच. अर्धा-पाऊण तास उकळायचे, दाण्याची साल बोटाने चोळल्यावर सुटू लागली की उतरवून रात्रभर तसेच ठेवायचे. सकाळी चार पाण्यांनी चोळून धुवायचे आणि वाटायचे. त्या ओल्या पिठाची रोटी थापून तव्यावर भाजली की झाली 'तोर्तिया'. आमच्या घरी पहिल्या सहा रोट्या मोडल्या. सातवी आमच्या सौभाग्यवतींनी प्लास्टिकच्या दोन कागदांत थापली, ती टम्म फुगली. मिक्सर मात्र इतका तापला की पुढचे वाटण पाट्यावर करावे लागले.

चुना कशासाठी, हे विज्ञानाच्या सरांनी वर्गात सांगावे. मक्यातील नियासिन हे जीवनसत्त्व चुन्यामुळे मोकळे होते आणि अंगी लागते. युरोप-अमेरिकेने मका नेला पण चुन्याची रीत नेली नाही, तेव्हा मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा रोग पसरला. हजारो वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या बायांना जे हाताने कळले होते ते शास्त्रज्ञांना विसाव्या शतकात कळले.

दोन सूचना पालकांना कळकळीने. पेरणीसाठी आणलेला बियाण्याचा मका कधीही वापरू नये, त्याला विषारी औषध लावलेले असते. कितीही धुतला तरी नको. आणि चुन्याचे काम मोठ्यांनी करावे, डोळ्यांत उडाला तर इजा होते.

रोटीत भरायला राजमा. रात्री भिजवायचा, कुकरमध्ये अगदी मऊ शिजवायचा, अर्धाकच्चा राजमा पोटाला बाधतो. मग कांदा-लसणावर परतून घोटायचा. साल्सा म्हणजे आपल्या चुलीतलाच प्रकार आहे. टोमॅटो आणि हिरव्या मिरच्या निखाऱ्यावर काळ्या होईपर्यंत भाजायच्या, मीठ, कांदा, कोथिंबीर घालून दगडी खलात ठेचायचे. तेलुगू शेजारणी रोटीत पच्चडी करतात, आपण ठेचा करतो, ते साल्सा म्हणतात.

पिण्यासाठी मेक्सिकोत लाल रंगाचे थंड पाणी देतात, 'आग्वा दे हमायका'. ते कशाचे असते हे वाचून मी खुर्चीत उठून बसलो. लाल अंबाडीचे! ज्या अंबाडीला येथे पुंटिकूर म्हणतात, तिच्या बोंडांवरची जाड लाल आवरणे उकळून, साखर घालून, गाळून थंड करायचे. आपल्याकडे भाजी खुडून झाली की बोंडे बांधावर वाळून जातात. वस्तीवरच्या मुलांना ती कोठे आहेत हे माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

गोड पदार्थ तर शिकवायलाच नको. राजगिऱ्याच्या लाह्या पाकात वळून वड्या करतात. आपल्या उपवासाची चिक्कीच ती. त्याला तेथे 'अलेग्रिया' म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थ आहे आनंद. आनंदमेळ्याला यापेक्षा योग्य पदार्थ कोणता?

तेव्हा माझा प्रस्ताव असा. या वर्षी कोणत्याही स्टॉलसाठी मुलांकडून पैसे गोळा करायचे नाहीत. प्रत्येकाने घरातून एक पसाभर काहीतरी आणावे, मका, मिरच्या, अंबाडीची बोंडे, गूळ, जे असेल ते. ज्याच्याकडे काहीच नसेल त्याने चुलीसाठी चार काटक्या आणाव्यात, त्याही लागतील. राजमा, राजगिरा आणि तेल शाळा देईल, ही रक्कम मंडळाने मंजूर करावी अशी विनंती आहे. पाककृती कागदावर मराठीत लिहून लावावी, वस्तूंची तेलुगू नावे शेजारी द्यावीत, आणि खाली ती कोणाकडून शिकलो त्यांचे नाव लिहावे. आजी, आई, काकू, शेजारीण, कोणीही. झुणका-भाकरीचा स्टॉल मेक्सिकोच्या अगदी शेजारी लावू, आणि ज्येष्ठ सदस्यांनी त्याचे उद्घाटन करावे, अशी त्यांना मी समक्ष विनंती करणार आहेच.

चीज नाही म्हणून नववीच्या मुली माझ्यावर रागावणार हे मला ठाऊक आहे. अर्जावर मी 'मंजूर, अटींसह' असा शेरा लिहिला तेव्हा त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होते. एकीने विचारले, "सर, विकले गेले नाही तर?" उरले तर शिक्षक खातील, असे मी कबूल केले आहे. शिक्षकांना अजून सांगायचे आहे.

मेळ्याची तारीख केसलापूरच्या नागोबा जत्रेला सोडून ठरवू, म्हणजे तिकडे जाणाऱ्या कुटुंबांची अडचण होणार नाही. ज्या माता-भगिनींना पाट्यावर वाटण्याची सवय आहे त्यांनी आपली नावे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. किमान चार पाटे लागतील. एक आमच्या घरचा येईल. गेल्या वर्षी जे चौघे आले नव्हते, त्यांच्या घरी मी येत्या रविवारी जाणार आहे, लाल अंबाडीची बोंडे कोठे मिळतील ते विचारायला.