पंगतीतील एक जागा

रंगमंचावर पुरुष लुगडे नेसून आला, की महाराष्ट्र टाळ्या वाजवितो. तोच पुरुष लुगडे नेसून उपाहारगृहात जेवावयास आला, तर मात्र शेजारच्या टेबलावरील हात घासासकट थबकतात. या विसंगतीचा विचार आता सुशिक्षितांनी तरी करावयास हवा.

खानदेशाला तर हा विचार टाळता येण्यासारखा नाही. नारायण श्रीपाद राजहंस यांनी बालपणी जळगावी महबूब खाँ यांच्याकडे गाण्याचे धडे घेतले. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले आणि पुढे कित्येक दशके ‘बालगंधर्व’ या नावाने त्यांनी स्त्रीभूमिका केल्या. त्यांच्या साडी नेसण्याची नक्कल घरंदाज स्त्रियांनी केली. पन्नाशी उलटल्यावरही ते स्त्रीवेशात उभे राहत आणि प्रेक्षक त्यांना आपलेच मानीत. १९६४ साली त्यांना ‘पद्मभूषण’ मिळाले. जळगावचे खुले नाट्यगृह आज त्यांचेच नाव मिरविते.

बालगंधर्वांचा वेश ही कला होती, हा आक्षेप बरोबर आहे. परंतु काही पुरुषांना स्त्रीवेश हा भूमिकेपुरता नको असतो. त्यात त्यांना स्वतःची ओळख पटते. ते तृतीयपंथीच असतात असे नाही. पुष्कळदा ते संसारी गृहस्थ असतात. नोकरी, मुलांची शिक्षणे, लग्ने या साऱ्यांत आयुष्य सरते आणि ती साडी कपाटाच्या तळाशी तशीच राहते. साठी उलटल्यावर अशा एखाद्याला वाटले, की आपल्यासारख्या दोघा-तिघा स्नेह्यांसह एक दिवस उजेडात बाहेर पडावे, भरीत-भाकरी किंवा शेवभाजी मागवावी आणि गप्पा माराव्यात, तर त्याने समाजाचे काय मागितले? चार खुर्च्या आणि तासाभराची शांतता, एवढेच.

मुंबई-पुण्यात गर्दीच माणसाला झाकते. जळगाव-धुळ्यात तसे नाही. निवृत्त शिक्षकाला येथे प्रत्येक हॉटेलात एखादा माजी विद्यार्थी भेटतो, कारकुनाला जुना सहकारी भेटतो. म्हणून जळगावच्या माणसाने जेवावयास धुळ्याला जावे आणि धुळ्याच्या माणसाने जळगावला यावे, असा प्रसंग येऊ शकतो. त्यात आता प्रत्येकाच्या खिशात छायाचित्र काढणारे यंत्र आहे. पूर्वीची कुजबूज संध्याकाळी विरून जाई. आजचे छायाचित्र त्याच्या पत्नीपर्यंत आणि नातवंडांपर्यंत पोहोचते.

कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा पुढे गेला आहे. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने केवळ धर्म, जात, लिंग अशा कारणांवरून कोणाही नागरिकाला दुकाने व सार्वजनिक उपाहारगृहे यांत मज्जाव करण्यास मनाई केली. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, वेशातून आपली लिंगओळख प्रकट करणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग होय, असा निर्णय दिला. तो निकाल तृतीयपंथी नागरिकांच्या संदर्भात होता, हे खरे. पण त्यामागील तत्त्व माणसाच्या प्रतिष्ठेचे आहे आणि प्रतिष्ठा ही कोणा एका वर्गाची मिरास नव्हे.

अशा गृहस्थाच्या पत्नीच्या मनाला काय वाटत असेल, हा प्रश्न वाचक विचारतील आणि तो योग्यच आहे. मात्र त्याचे उत्तर त्या दोघांनी आपल्या घरात शोधावयाचे आहे. ते शोधण्याचा अधिकार शेजारच्या टेबलाला नाही. उलट, आपल्या हसण्याने त्या स्त्रीचे दुःख वाढते, कमी होत नाही.

अमळनेरला ज्यांनी मुले घडविली, त्या साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावले. येथे कोणी आपणांकडे उपोषण मागत नाही. मालकाने इतर गिऱ्हाइकांना देतो तशीच जागा द्यावी, वाढप्याने पाण्याचे पेले ठेवून ‘काय आणू?’ एवढेच विचारावे आणि आपण आपल्या ताटाकडे लक्ष द्यावे. ओळखीचे कोणी दिसलेच, तर नमस्कार करावा. विद्यार्थ्याने आपल्या जुन्या गुरुजींना तेवढे देणे लागते.