जहाजाला नाव, शहराकडे पाठ



माझगाव डॉकमध्ये नवी विनाशिका तयार झाली की आपल्या इनबॉक्समध्ये अभिमानी फॉरवर्ड्सचा पूर येतो. क्षेपणास्त्रे, वेग, वजन, सगळे असते. नावाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. "नावात काय आहे?" म्हणणाऱ्यांसाठी हे चार शब्द.

जपानी विनाशिकांना पूर्वी वारा, पाऊस, लाटा, चंद्र यांची नावे असत. फुबुकी म्हणजे हिमवादळ, युकिकाझे म्हणजे बर्फाळ वारा. महायुद्धानंतरही ही चाल टिकली. पण २०१७ साली नौदलात आलेल्या एका जहाजाचे नाव होते 'कागा'. १९४१ साली पर्ल हार्बरवर विमाने सोडणाऱ्या एका विमानवाहू जहाजाचे हेच नाव! नवी कागा कागदोपत्री विनाशिकाच. तिच्यावरून लढाऊ विमाने उडवायचे सरकारने २०१८ च्या अखेरीस जाहीर केले. नाव आधी आले, धोरण मागून.

इथे जर्मनीत याच्या उलट घडले. १९६९ साली सेवेत आलेल्या एका विनाशिकेला हिटलरच्या हवाईदलातल्या म्योल्डर्स या वैमानिकाचे नाव होते. हा स्पेनमध्ये फ्रँकोच्या बाजूने लढला होता. अशांचा गौरव नको, असा ठराव संसदेने १९९८ साली केला. जहाज २००३ मध्ये निवृत्त झाले आणि २००५ मध्ये संरक्षणमंत्री पेटर श्ट्रुक यांनी हवाईदलाच्या तुकडीचेही ते नाव काढले. माजी सैनिक चिडले, तरी काढले. आपले नेकारसुल्म ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आहे, त्या राज्याचे नाव २०१९ पासून एका फ्रिगेटवर आहे. त्या नावाची कोणाला लाज वाटत नाही.

आता आपल्याकडे या. माझगावला बांधलेली 'इम्फाळ' २६ डिसेंबर २०२३ रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली. १९४४ साली जपानी फौजा जिथे अडवल्या गेल्या, त्या शहराचा हा सन्मान. नाव २०१९ मध्येच ठरले होते, त्यात खोट काढायची नाही. पण मुंबईत सोहळा झाला तेव्हा मणिपूर ३ मेपासून पेटलेले होते. त्या हिंसाचारात २०० हून अधिक माणसे मेली, सुमारे ६०,००० बेघर झाली. पंतप्रधान तिथे प्रथम गेले ते १३ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे २८ महिन्यांनी.

"नौदलाला राजकारणात ओढू नका," असे काही जण म्हणतील. नौसैनिकांविषयी तक्रार नाहीच, आणि जहाज बांधणाऱ्या कामगारांविषयी तर मुळीच नाही. पण जहाजाला शहराचे नाव देणे हेच मुळात राजकारण आहे. ते नाव म्हणजे त्या शहराला दिलेला शब्द असतो: तुम्ही आमचे आहात. हा शब्द पोलादावर कोरायचा आणि माणसांच्या बाबतीत विसरायचा, याला सन्मान म्हणत नाहीत.

म्हणून एवढेच करा. 'इम्फाळ'चा फोटो पुढे पाठवताना खाली एक ओळ जोडा: छावण्यांतली माणसे आपापल्या घरी परतली का?