गाड्या जपल्या, त्यांचं चालणंही जपू या

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या गाडीची गोष्ट महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. चौदा डबे, चारशे पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं आणि सुमारे ३४ किलोमीटरचा प्रवास. देशातल्या पहिल्या प्रवासी गाडीचा मान आपला आहे आणि तो अभिमानाने सांगावा असाच आहे. पण त्यानंतरच्या पावणेदोन शतकांत ही रेल्वे रोजच्या रोज कशी चालवली गेली, असं विचारलं तर नीट उत्तर देणारी माणसं फार थोडी सापडतात. त्या थोड्यांमध्ये हौशी मंडळी बरीच असतात. कुणी घरातल्या फळीवर छोटे रूळ बसवून गाड्यांच्या प्रतिकृती चालवतं, तर कुणी जुनी वेळापत्रकं, स्टेशनांचे नकाशे आणि इंजिनांच्या नोंदी जमवतं. समाज या उद्योगाकडे फावल्या वेळचा विरंगुळा म्हणून पाहतो. माझं म्हणणं असं आहे की, हा छंद म्हणजे तंत्रज्ञानाच्या इतिहासाचा खराखुरा अभ्यास आहे. संग्रहालयं वस्तू जपतात. त्या वस्तू एकमेकींशी जुळून कशा चालत होत्या, हे ज्ञान हा छंद जपतो. म्हणून ग्रंथालयं, शाळा आणि खुद्द रेल्वे प्रशासन यांनी त्याला अभ्यास मानून हात दिला पाहिजे.

वस्तू आणि तिचं चालणं यांतलं अंतर एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून आपल्याकडे अनेक दशकं टोकनचा गोळा वापरला जाई. मुठीत मावणारा हा पोलादी गोळा चामड्याच्या पिशवीत घालत आणि ती पिशवी वेताच्या मोठ्या कडीला बांधलेली असे. स्टेशनातून गाडी न थांबता जाणार असेल, तर फलाटावरचा माणूस कडी उंच धरून उभा राही आणि इंजिनातला माणूस धावत्या गाडीतून हात घालून ती उचली. संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात आज हा गोळा ठेवला, तर पाहणाऱ्याला काय कळेल? काहीच नाही. त्याचं सगळं महत्त्व दोन स्टेशनांवरच्या, तारेने जोडलेल्या दोन यंत्रांत आहे. पुढच्या स्टेशनमास्तरने संमती दिल्याशिवाय इकडच्या यंत्रातून गोळा निघत नाही, आणि एकदा निघालेला गोळा दोहोंपैकी एका यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा बाहेर येत नाही. मार्गावर जाण्याचा परवाना एका वेळी एकाच चालकाच्या हातात राहतो. ही व्यवस्था वाचून अर्धवट कळते. दोन स्टेशनं आणि त्यांच्यामध्ये एकच रूळ अशी छोटी मांडणी करून त्यावर तीन गाड्या वेळेत न्यायला बसलं की ती पुरती उमगते. कोणती गाडी बाजूच्या लूप रुळावर घ्यायची, कुणाला थांबवायचं, सांधा कधी बदलायचा, हे ठरवताना स्टेशनमास्तर आणि सांधेवाला रोज काय करत होते, ते ध्यानात येतं.

प्रतिकृती करणाऱ्याला अंदाजपंचे काम करता येत नाही, हीच या छंदाची मोठी शिस्त आहे. बोरघाटाचं उदाहरण घ्या. १८६३ साली खुला झालेला हा घाटमार्ग सुमारे २५ किलोमीटरचा, साडेपाचशे मीटरहून अधिक चढणारा आणि काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट असा तीव्र चढ असलेला होता. जगभर सर्वांत लोकप्रिय असलेल्या एकास ८७ या प्रमाणात तो जसाच्या तसा करायचा, तर सुमारे २९० मीटर लांब आणि सहा मीटरहून उंच जागा लागेल. तेवढी जागा कुणाकडेच नसते, म्हणून काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवावं लागतं. ठरवायचं तर समजून घ्यावं लागतं. खंडाळ्याजवळ गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला लावत आणि मग उलट दिशेने पुढचा चढ चढत, हे का? कड्यावर वळण घ्यायला जागाच नव्हती म्हणून. मग १९२०च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत बंद कशी झाली? नवे बोगदे खोदून मार्गच बदलला म्हणून. कर्जतला गाडीच्या मागे ढकलणारी बँकर इंजिनं का लागतात, उतारावर ताबा सुटलेली गाडी अडवायला चढाचा आडमार्ग कुठे ठेवला होता, या प्रत्येक प्रश्नासाठी नकाशा, अहवाल किंवा जुना छायाचित्रसंग्रह उघडावा लागतो. याच घाटात काम केलेल्या, १९२०च्या दशकातल्या विजेच्या इंजिनांना कर्मचारी ‘खेकडा’ म्हणत. त्यांतलं एक इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आणि एक मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आवारात उभं आहे. पण चाकांना जोडलेले त्याचे दांडे कसे फिरत, हे उभ्या इंजिनाकडे पाहून समजत नाही.

या अभ्यासाची सवय असलेला समाज आणि नसलेला समाज यांत काय फरक पडतो, हे बार्शी लाइट रेल्वेच्या कहाणीत दिसतं. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी रुळांची गाडी सुरू केली. प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, म्हणजे हलके आणि स्वस्त रूळ पुरतात, हा त्याचा विचार त्या काळात नवा होता. पुढे ही गाडी पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पोहोचली, तिची लांबी सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात गेली, आणि शतकभर तिने वारकरी, कापूस आणि धान्य वाहिलं. याच कॅलथ्रॉपने बार्शीच्या अनुभवावर इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही छोटी गाडी बांधली. ती जेमतेम १३ किलोमीटरची होती, १९०४ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंद पडली. पण तिची दोन इंजिनं, तिचे डबे आणि तिची स्टेशनं ब्रिटनमधल्या हौशी कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या मापं घेऊन पुन्हा पुन्हा घडवली, त्यामुळे तिचा तपशील आजही सहज मिळतो. तिची थोरली बहीण आपली. पंचवीसपट लांब आणि तिपटीहून अधिक काळ चाललेली. तरी तिच्या एखाद्या स्टेशनाचा रूळ-नकाशा हवा असेल, तर मराठी माणसाला तो कुठे मागावा हेच ठाऊक नसतं. हा पैशाचा प्रश्न नाही. हौशीला किंमत देण्याचा आहे.

पहिला आक्षेप ठरलेला असतो: मोठ्या माणसांनी खेळण्यातल्या गाड्यांत काय रमायचं? या प्रश्नाचं उत्तर परिणामांत शोधावं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९४६ साली विद्यार्थ्यांनी प्रतिकृती-रेल्वेचा क्लब काढला. टेबलाखाली टेलिफोनचे जुने रिले जोडून गाड्यांचं नियंत्रण करणारी यातली मुलं पुढे संस्थेतल्या सुरुवातीच्या संगणकांकडे वळली, आणि संगणकाच्या जगातली प्रयोगशील वृत्ती ज्या मोजक्या ठिकाणी रुजली, त्यांत या क्लबचं नाव घेतलं जातं. वेल्समधली टॅलिलिन ही बंद पडू घातलेली गाडी १९५१ पासून स्वयंसेवकांनी चालवायला घेतली आणि पाठोपाठ ब्रिटनभर तसे मार्ग उभे राहिले. आपल्याकडेही पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांना गाड्या, सिग्नल आणि सांधे यांची गुंफण चालवून दाखवत आलं आहे. वीज, यांत्रिकी, सुतारकाम, भूगोल आणि इतिहास एकाच टेबलावर आणणारा दुसरा छंद सांगणं अवघड आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे आणि त्यात तथ्य आहे. परदेशी बनावटीचे संच महाग असतात, आणि ते बहुधा ४ फूट साडेआठ इंची मापाच्या गाड्यांसाठी असतात. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं आहे. एकास ८७ प्रमाणात त्याला सव्वाएकोणीस मिलिमीटरच्या आसपास रुंदीचा रूळ हवा, बाजारातला साडेसोळाचा असतो. पण अडचणीतच वाट आहे. बार्शीची किंवा विदर्भातल्या शकुंतलेची ७६२ मिलिमीटरची गाडी याच प्रमाणात पावणेनऊ मिलिमीटरवर येते, म्हणजे त्याहून लहान प्रमाणासाठी सगळीकडे मिळणारा ९ मिलिमीटरचा रूळ तिला जवळपास नेमका बसतो. वर डबा पुठ्ठ्याचा आणि बांबूच्या काड्यांचा करता येतो. शिवाय ज्याला प्रतिकृती करायची नाही, त्याला इतिहासाचं दार उघडंच आहे. आपल्या गावच्या स्टेशनचा जुना नकाशा काढणं, बंद झालेल्या सायडिंगची जागा शोधणं, मनमाड, दौंड किंवा भुसावळच्या निवृत्त चालकाशी आणि केबिनमनशी बोलून त्यांच्या कामाची नोंद करणं, याला वही आणि चिकाटी एवढंच लागतं.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे. रेल्वे ही वसाहतवादी सत्तेने आपल्या सोयीसाठी बांधली, ब्रिटिश भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी भारतीय करदात्यांच्या पैशातून दिली, मग तिच्या जुन्या इंजिनांचं कौतुक कशाला? हमीव्याजाचं हे सत्य नाकारता येत नाही, आणि दादाभाई नौरोजींनी मांडलेल्या संपत्तीच्या निःसारणाच्या हिशेबात ते बसतं. पण हा आक्षेप छंद सोडण्याचं कारण होत नाही, तर छंद पूर्णपणे करण्याचं कारण होतो. बोरघाटाच्या कामावर एका टप्प्यावर ४० हजारांहून अधिक मजूर होते, आणि कॉलऱ्यासह साथींनी त्यांतले असंख्य गेले. १८५९ साली थकलेल्या मजुरीवरून तिथे दंगा झाला आणि मूळ ठेकेदाराने काम सोडलं. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका सांभाळला. इंजिनाची चाकं मोजणाऱ्याने या मजुरांच्या वस्त्या, त्यांची मजुरी आणि त्यांचे मृत्यूही मोजले पाहिजेत. घाटाच्या मांडणीत बोगद्याच्या तोंडाशी मजुरांच्या झोपड्या दिसल्या, तर पाहणारं मूल विचारेल की हा बोगदा कुणी खोदला, आणि उत्तर त्याला द्यावंच लागेल.

शेवटचा आक्षेप रोजच्या जगण्यातला आहे. लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्यांना आणि ब्रॉडगेजची वाट पाहणाऱ्या, शकुंतलेच्या मार्गावरच्या यवतमाळ-अचलपूरच्या लोकांना जुन्या गाडीचं काय कौतुक? त्यांची मागणी रास्त आहे, आणि हौशी माणसाने तिच्या आड येऊ नये. लातूर-पंढरपूरला ब्रॉडगेज आलं हे चांगलंच झालं. पण मार्ग बदलणं आणि त्याची नोंद पुसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रूळ उखडण्याआधी स्टेशनची मापं घेणं, छायाचित्रं काढणं, सिग्नल केबिनमधल्या दांड्यांचा तक्ता उतरवून घेणं, यामुळे एकाही गाडीला उशीर होत नाही. रेल्वेने कालबाह्य झालेले स्टेशन-नकाशे, इंजिन-डब्यांची जुनी रेखाटनं आणि कर्मचाऱ्यांसाठीची जुनी वेळापत्रकं अभ्यासकांना खुली करावीत. रेल्वेच्या गावांतल्या सार्वजनिक ग्रंथालयांनी एक कपाट या कागदांसाठी आणि निवृत्तांच्या ध्वनिमुद्रणांसाठी राखावं. शाळांनी विज्ञान प्रदर्शनात मुलांना दोन स्टेशनांमधली सुरक्षित वाहतूक चालवून दाखवायला सांगावं. यातल्या कशालाही मोठी तरतूद लागत नाही.

घाई मात्र हवी. हातांनी ओढायच्या दांड्यांच्या केबिनी जाऊन त्यांच्या जागी संगणकीय यंत्रणा आल्या आहेत, आणि टोकनचा गोळा फेकणारी, वाफेच्या इंजिनात कोळसा टाकणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. २०५३ साली पहिल्या गाडीला दोनशे वर्षं होतील. तेव्हा सोहळा होईल, भाषणं होतील, पण ही माणसं नसतील. त्यांचं काम त्यांच्याच तोंडून ऐकून, मोजून, घडवून ठेवण्याची शेवटची संधी आपल्याच हयातीत आहे, आणि ती साधायला ज्यांची आधीच तयारी आहे, त्या हौशी मंडळींना विरंगुळेबाज म्हणून दूर सारणं महाराष्ट्राला परवडणारं नाही.