तिकीट द्या, छपाईयंत्र नको

मा. सचिव, माहिती तंत्रज्ञान विभाग, महाराष्ट्र शासन यांस,



‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सॲपवर आणण्यासाठी शासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये मेटाशी करार केला. आज माहिती सांगणारा चॅटबॉट उद्या नागरिकाच्या वतीने अर्ज भरणारा एआय एजंट होईल, हे उघड आहे. व्हावाही. आमच्या वांगणीत अनेक दृष्टिहीन कुटुंबे राहतात. कॅप्चा आणि घाईचा ओटीपी यांनी त्यांची वाट कितीदा अडते, हे वेगळे सांगायला नको. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुगम्यतेला राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्कातच बसवले आहे. त्यामुळे माझा आक्षेप एजंटला नाही. नागरिकाची ओळख पटवणारे टोकन एजंटने वापरावे. टोकन काढून देणारे साधन मात्र त्याच्या हाती असू नये, एवढेच म्हणणे आहे.

वांगणी स्टेशनवर प्रवाशाला तिकीट मिळते, तिकीट छापायचे यंत्र मिळत नाही. नुसती तिकिटे चोरीला गेली तरी काय होते, ते ऑगस्ट २०२५ मध्ये दिसले. सेल्सलॉफ्ट कंपनीच्या ‘ड्रिफ्ट’ या एआय चॅट साधनाची टोकने चोरून हल्लेखोरांनी शेकडो कंपन्यांच्या सेल्सफोर्स खात्यांतली माहिती उचलली. ती टोकने निदान रद्द करता आली. टोकन काढण्याची सोयच हल्लेखोराच्या ताब्यात गेली, तर एक रद्द करेपर्यंत दुसरे तयार. मंजुरी देणारी जागा बळकावली की काय घडते, हे पुण्याने आधीच पाहिले आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या खऱ्या स्विचच्या जागी बनावट स्विच होकार देत राहिला आणि सुमारे ७८ कोटी रुपये २८ देशांतल्या एटीएममधून निघाले.

‘एजंटला टोकन न काढण्याची सूचना देऊन ठेवू,’ असे पुरवठादार सांगतील. पण एजंट जे वाचतो त्यातूनच त्याला भुलवता येते. अर्जासोबतच्या पीडीएफमध्ये कुणी आज्ञा लपवली, तर ती आणि तुमची सूचना यांत तो खात्रीने फरक करेलच असे नाही. म्हणून अटकाव एआय मॉडेलच्या बाहेर, टोकन देणाऱ्या सर्व्हरवरच हवा. दुसरा युक्तिवाद असा, की लोक सेतू केंद्रातही ओटीपी सांगूनच टाकतात. सांगतात, आणि ते वाईटच आहे. पण खिडकीवरचा माणूस एका वेळी एकाचेच काम करतो. एजंट हजारोंची कामे हाताळतो, चूकही त्याच वेगाने करतो.

खरा पेच तिसऱ्या आक्षेपात आहे: दर पायरीला परवानगी विचारली तर दृष्टिहीन नागरिक पुन्हा तिथेच अडकेल. त्यावर उपाय म्हणजे परवानगी कामागणिक एकदाच घेणे. उत्पन्नाच्या दाखल्याचे टोकन त्या एकाच अर्जापुरते चालावे, अर्ज दाखल होताच संपावे, सातबारा किंवा बँकखात्यापर्यंत पोहोचू नये. होकार स्क्रीनवर टिचकी मारूनच द्यायचा, असा हट्ट कशाला? फोनवर मराठीत काम वाचून दाखवून तो घेता येईल, आणि तोही एजंटने नव्हे, टोकन देणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेने घ्यावा. दिलेल्या प्रत्येक टोकनाची नोंद नागरिकाला ऐकता यावी आणि ते त्याला फोनवरूनच रद्द करता यावे. पुढच्या निविदेत या अटी लेखी घालाव्यात आणि त्यांची चाचणी वांगणीतल्या दृष्टिहीन रहिवाशांना सोबत घेऊन करावी, ही विनंती.

कळावे,
वांगणीचा एक रहिवासी