वॉश सँडचा प्लांट टाकताय? आधी बादली, काटा आणि चाळणी घ्या

मे 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कृत्रिम वाळू धोरण मंजूर केलं. तेव्हापासून जुन्नर-आंबेगावची मुलं विचारतात, "सर, क्रशरला वॉशिंग प्लांट जोडायचाय, मशीन कुठली घेऊ?" माझं मत स्पष्ट आहे: मशीन नंतर. आधी एखादा चालू प्लांट बघा आणि त्यातून वाया जाणारं पाणी मोजा.

कच धुताना पाणी आणि दगडाची भुकटी मिळून स्लरी तयार होते. भुकटी जावी म्हणूनच आपण धुतो. आयएस 383 प्रमाणे क्रश सँडमध्ये 75 मायक्रॉनपेक्षा बारीक माल 15 टक्क्यांच्या आत हवा. पण भुकटीबरोबर चांगली वाळूही वाहून जाते. ती कोणाच्याच वहीत दिसत नाही.

मोजायचं कसं? तीन कामं करा.

1. प्रवाह: आउटलेटखाली 20 लीटरची बादली धरा, मोबाइलवर वेळ लावा. 5 सेकंदांत भरली, तर तासाला 14,400 लीटर.

2. घट्टपणा: एक लीटर स्लरीचं वजन करा, भांड्याचं वजन वजा करा. समजा 1,100 ग्रॅम भरलं. आपला काळा दगड पाण्याच्या जवळपास 2.9 पट जड असतो, म्हणून वरच्या 100 ग्रॅमला साधारण दीडने गुणा. लीटरमागे 150 ग्रॅम दगड, म्हणजे तासाला सुमारे 2.1 टन.

3. कणांचा आकार: तीच स्लरी वाळवा, ढेकळं फोडा आणि 150 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळा. वर राहिला तो विकता येणारा माल. तो 10 टक्के निघाला असं धरू. 8 तासांत 1.7 टन, 26 दिवसांत 45 टन, म्हणजे ढोबळमानाने महिन्याला 10 ब्रास वाळू गाळात!

नमुना घेताना मात्र आळस नको. जाड कण तळाशी वाहतात, त्यामुळे नुसतं वरचं पाणी घेतलं तर आकडा खोटा येतो. भांडं पूर्ण धारेतून आडवं फिरवा आणि दिवसातून तीन-चार वेळा घ्या.

गोव्यात लोहखनिज धुणाऱ्या प्लांटलाही हाच हिशोब लागतो. मोठ्या प्रकल्पांत पाइपवर विद्युतचुंबकीय फ्लोमीटर आणि घनतामापक असतात, कणांसाठी लेझर ॲनालायझर असतो. पण नुसता फ्लोमीटर किती लीटर गेले तेवढंच सांगतो. त्यात दगड किती, हे घनता मोजल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे "सर, मीटर बसवलाय" एवढ्यावर समाधान मानू नका.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे शेजारी द्राक्षबाग किंवा टोमॅटोचा प्लॉट असतोच. तासाला 2 टन गाळ येणार असेल तर सेटलिंग टाकी केवढी, गाळ उचलायचा कोणी, टाकायचा कुठे, हे कर्जाच्या अर्जाआधी ठरलं पाहिजे. गाळ दुसऱ्याच्या रानात गेला की धंदा भांडणात जातो.

मशीनवाला तुम्हाला तासाला किती टन वाळू निघते ते सांगेल. तुम्ही विचारा, "तासाला बाहेर किती जातं? 150 मायक्रॉनच्या वरचं किती?" उत्तर देता आलं नाही, तर ॲडव्हान्स देऊ नका.

तुमचे तीन आकडे कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत आपण एकत्र हिशोब मांडू.