गुपित रुग्णाचे, ताबा मालकाचा?

रात्रपाळीने झोप हरपलेला कामगार डॉक्टरांनी लिहून दिलेली अल्प्राझोलामची गोळी घेऊ लागतो. एकीच्या दोन होतात, दोनांच्या चार. जुनीच चिठ्ठी दाखवून तो दुसऱ्या दुकानातून आणखी मिळवतो. अखेर धीर करून तो समुपदेशकापुढे बसतो. पण त्याची जीभ रेटत नाही. खरे सांगितले तर ते कारखान्याच्या दप्तरी जाईल काय? पोलिसांच्या कानी जाईल काय?

ही भीती निराधार नव्हे. ज्याचा पगार व्यवस्थापन देते, त्या समुपदेशकाची निष्ठा कोणाकडे, असा संशय कामगाराला आला तर दोष त्याचा नाही. आणि न सांगण्याची किंमत मोठी आहे. ही गोळी दीर्घकाळ घेणाऱ्याने एकाएकी बंद केली तर झटके येतात, प्रसंगी जीवही जातो. मात्रा हळूहळू उतरवावी लागते. जी मात्रा डॉक्टरला ठाऊकच नाही, ती तो उतरवणार कशी? म्हणून गोपनीयता हा उपचाराचा अलंकार नव्हे. तो उपचाराचा पाया आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू व औषधांच्या गैरवापराशी निगडित मनोवस्थांना मानसिक आजारात गणले आणि कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला. त्याला मोजके अपवाद आहेत. कामावर ठेवणारा मालक त्यांत नाही. पण याच कायद्याने मानसिक आरोग्य व्यावसायिकांची जी व्याख्या केली, तीत साध्या समुपदेशकाचे नाव नाही. न्यायालयात वकील आणि अशील यांच्या संभाषणाला २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कवच आहे. डॉक्टर आणि रुग्ण यांच्या संभाषणाला तसे नाही. मालमत्तेचा दावा लढणाऱ्याचे गुपित सुरक्षित आणि आजाराशी झुंजणाऱ्याचे उघडे, हा कोणता न्याय?

कोणी म्हणेल, बसचालकाने गोळ्या घेतल्या तर प्रवाशांचे काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर कायद्यातच आहे: दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असेल तर तो टाळण्यापुरतीच माहिती द्यावी. ‘तेवढीच’ या शब्दाला महत्त्व आहे. उद्याच्या फेरीला याला गाडी देऊ नका, एवढे सांगणे वेगळे. त्याचे सारे आयुष्य व्यवस्थापकाच्या टेबलावर मांडणे वेगळे. शासनाला गोळ्यांचा माग काढायचाच असेल तर १ मार्च २०१४ पासून अशा औषधांची वेगळी नोंदवही ठेवणे दुकानदारावर बंधनकारक आहे. ती तपासा. रुग्णाच्या कबुलीजबाबावर पहारा कशाला?

आपल्या चळवळीनेही आरशात पाहावे. गोळ्यांच्या आहारी गेलेल्या सहकाऱ्याला ‘व्यसनी’ म्हणून हिणवणारे कार्यकर्ते आपल्यातही आहेत. ज्या पाळीने त्याची झोप हिरावली तिच्याविरुद्ध मात्र त्यांनी ब्र काढलेला नसतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही, स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनाला सेवनाच्या व अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांत खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४अ आहे. शिक्षेच्या कायद्याला जे उमगले, ते आपल्याला उमगू नये?

तेव्हा पुढच्या वाटाघाटींत वेतनवाढीबरोबर आणखी एक कलम मांडा: समुपदेशकाने कामगाराबद्दल व्यवस्थापनाला काय कळवायचे नाही, हे लेखी करारात असावे. श्रम विकले म्हणून मनही विकले, असे कोणत्याही कामगाराने कबूल केलेले नाही.