विश्लेषण : लोककलावंतांसाठी योजना आहेत, पण पनवेलच्या धवलारणीला त्यात जागा आहे का?

पनवेल, उरण, पेण या पट्ट्यातल्या आगरी घरात लग्न ठरलं की पूर्वी धवलारणीला सांगावा जायचा. मांडव, हळद, देवक, मंगलाष्टकं अशा प्रत्येक विधीला तिचं वेगळं गाणं असतं. त्याला म्हणतात धवला. अनेक गावांत लग्न लावण्याचा मानही तिचाच असायचा. ही परंपरा किती जुनी असावी याची कल्पना एका नावावरून येते. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने विवाहप्रसंगी रचलेली गाणी ‘धवळे’ म्हणूनच ओळखली जातात आणि तिला मराठीतली आद्य कवयित्री मानलं जातं.

आज हळदीला डीजे वाजतो. धवले येणाऱ्या बायका बहुतेक वयस्कर आहेत. त्यांनी ते आई, आजी किंवा सासूकडून ऐकून पाठ केले. वही नाही, वर्ग नाही, प्रमाणपत्र नाही.

दुसरीकडे, ग्रामीण आणि दुर्गम भागातल्या कलावंतांसाठी राज्याच्या आणि केंद्राच्या योजना आहेत. समाजमाध्यमांवर ‘कलाकारांना दरमहा ५ हजार’ असे मेसेजही सतत फिरत असतात. मग पनवेल तालुक्यातली एखादी ५५ वर्षांची धवलारीण उद्या अर्ज भरायला बसली, तर काय होईल?

राज्य सरकारची योजना नेमकी काय आहे?

ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची महाराष्ट्राची योजना १९५४-५५ पासून सुरू आहे. मार्च २०२४ मध्ये तिला ‘राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना’ असं नाव मिळालं.

त्याआधी कलावंतांचे तीन वर्ग होते. राष्ट्रीय पातळीच्या कलावंताला महिना ३,१५० रुपये, राज्य पातळीला २,७०० आणि जिल्हा पातळीला २,२५० रुपये मिळत. एप्रिल २०२४ पासून हे वर्ग गेले आणि सगळ्यांना सरसकट ५,००० रुपये झाले. गावातल्या कलाकारासाठी ही वाढ दुपटीहून अधिक आहे. गावात गाणारी व्यक्ती ‘खालच्या’ वर्गातली, हा शिक्काही त्यामुळे पुसला गेला.

मुख्य अटी अशा :

- वय ५० पेक्षा जास्त (दिव्यांगांना १० वर्षांची सवलत)
- कला किंवा साहित्य क्षेत्रात किमान १५ वर्षांचं योगदान
- वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत
- दुसऱ्या नियमित पेन्शन योजनेचा लाभ नसावा

विधवा, परित्यक्ता आणि दिव्यांग कलावंतांना प्राधान्य आहे. निवड जिल्हास्तरीय समिती करते.

आकडे काय सांगतात?

एका जिल्ह्यातून वर्षाला जास्तीत जास्त १०० नवे लाभार्थी निवडता येतात. रायगड जिल्ह्यात १५ तालुके आहेत. सारखी वाटणी केली तर एका तालुक्याच्या वाट्याला वर्षाला सहा-सात जागा येतात. पनवेल तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच साडेसात लाखांच्या आसपास होती. भजनी मंडळं, कीर्तनकार, शाहीर, नाट्यकर्मी, कोळीगीतं गाणारे, जाखडी आणि नमनवाले, आदिवासी वाद्यवादक आणि धवलारणी, सगळ्यांनी मिळून या सहा-सात जागांसाठी अर्ज करायचे आहेत.

उत्पन्नाची मर्यादाही बारकाईने पाहावी लागते. ६०,००० रुपये म्हणजे महिन्याला ५,०००. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा मजुरी दर दिवसाला ३१२ रुपये होता. या दराने महिन्यात १६ दिवस काम मिळालं तर वर्षाची कमाई ५९,९०४ रुपये होते. सतराव्या दिवशी ती व्यक्ती मर्यादेबाहेर जाते. म्हणजे योजना गरीब कलावंताला मदत करते, पण महिन्यातले १७ दिवस मजुरी करणारा तिच्या लेखी गरीब राहत नाही.

खरी अडचण कुठे येते?

वयाचा दाखला, आधार, रहिवासी दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँक खातं ही कागदपत्रं जमवता येतात. अवघड प्रश्न असतो १५ वर्षांच्या योगदानाच्या पुराव्याचा. पुरस्कार, नामांकित संस्थेची शिफारस, कार्यक्रमांची पत्रकं, वर्तमानपत्रातली कात्रणं असं काहीतरी जोडावं लागतं.

नाट्यस्पर्धेत काम केलेल्या कलाकाराकडे हे सापडतं. महाराष्ट्र राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धेत भाग घेतला तर प्रमाणपत्र मिळतं. पनवेलमध्ये वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे, एकांकिका स्पर्धा होतात, त्यांच्या बातम्या छापून येतात. भजनी मंडळाकडे निदान सप्ताहाची पत्रिका असते.

धवलारणीचं व्यासपीठ म्हणजे दुसऱ्याच्या दारातला मांडव. लग्नपत्रिकेत तिचं नाव छापत नाहीत. बिदागी साडी-चोळी, नारळ, तांदूळ आणि थोड्या रोख रकमेची, तिची पावती नसते. ४० वर्षांत तिने शेकडो लग्नांत गायलं असेल. गावातल्या प्रत्येकाला ते माहीत असतं, पण कागदावर एक ओळही नसते.

माथेरानच्या पायथ्याशी असलेल्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांवर अडचण आणखी वाढते. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक जमात. यातली अनेक कुटुंबं पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर जातात आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर परततात. दाखले काढायला, त्रुटी दुरुस्त करायला माणूस गावातच नसतो. या वाड्या मुंबईपासून काही दुसऱ्या टोकाला नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेलं नवी मुंबई विमानतळ याच तालुक्यात आहे. पण तहसील कार्यालयाच्या दोन-तीन फेऱ्या म्हणजे तितक्या दिवसांची मजुरी बुडते, आणि दुर्गमता किलोमीटरपेक्षा त्यात जास्त दिसते.

केंद्राच्या योजनांतून मार्ग निघतो का?

केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या ‘कला संस्कृती विकास योजने’खाली अनेक उपयोजना आहेत.

ज्येष्ठ कलावंतांना दरमहा ६,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. त्यासाठी वय किमान ६० आणि वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांच्या आत हवं.

गुरु-शिष्य परंपरेच्या अनुदानात गुरूला महिना १५,००० रुपये आणि कमाल १८ शिष्यांना वयानुसार १०,००० रुपयांपर्यंत मानधन आहे. कागदावर धवल्यासाठी याहून चांगली योजना नाही. एक जाणती बाई, सोबत शिकणाऱ्या मुली आणि शिकताना हातात थोडे पैसे. पण हे अनुदान नोंदणीकृत संस्थेमार्फतच मिळतं. संस्था म्हणजे घटना, लेखापरीक्षण, पॅन, ऑनलाइन अर्ज. सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी साधारण ५ लाखांपर्यंत अनुदान देणारी योजनाही संस्थांसाठीच आहे.

तरुणांसाठी १८ ते २५ वयोगटात महिना ५,००० रुपयांची दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे. देशभरात जागा ४००. त्यात लोककलाही येतात, पण गुरू किंवा संस्थेकडे पाच वर्षं शिकल्याचं दाखवावं लागतं. आजीच्या मांडीवर बसून शिकलेलं कसं दाखवायचं, याचा रकाना अर्जात नाही.

सांस्कृतिक संकुलं बांधण्यासाठी केंद्राची टागोर संकुल योजना आहे. त्यात एका प्रकल्पाला साधारण १५ कोटींपर्यंत मदत मिळू शकते. तेवढ्या रकमेत २,५०० कलावंतांचं वर्षभराचं ५,००० रुपयांचं मानधन निघतं. नाट्यगृहं लागतातच. पण मांडवात आणि अंगणात जगणाऱ्या कलांना इमारतीचा उपयोग थोडा.

हातातली कला पुढे, गळ्यातली मागे?

वारली चित्रकलेचं उदाहरण इथे समजून घेण्यासारखं आहे. वारलीतही लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक लिहिण्याचा मान बायकांचा होता. पुढे ती कला कागदावर आणि कॅनव्हासवर आली. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं. चित्र विकता येतं, प्रदर्शनात मांडता येतं, त्याच्यावर सही करता येते.

सरकारी यंत्रणाही वस्तू तयार करणाऱ्याला लवकर ओळखते. हस्तकला कारागिरांना वस्त्रोद्योग मंत्रालयाकडून ‘पहचान’ ओळखपत्र मिळतं. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यात मूर्तिकार आहेत, म्हणजे पेणच्या गणपती कारखान्यातला कारागीर ओळखपत्र, प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपये मागू शकतो. त्याच परिसरात धवला गाणाऱ्या बाईकडे त्या तोडीचं कोणतंही ओळखपत्र नाही.

ओळख नसल्याची किंमत कोरोनात दिसली. २०२१ मध्ये राज्य सरकारने सुमारे ५६ हजार कलावंतांना प्रत्येकी ५,००० रुपयांची एकरकमी मदत जाहीर केली. अशा वेळी पैसे मिळतात ते यादीत असलेल्याला किंवा कागद दाखवू शकणाऱ्याला.

कंपन्यांचा सीएसआर निधी?

कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. पारंपरिक कला आणि हस्तकलांचं संवर्धन त्या यादीत आहे, आणि कंपनीच्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही कायदा सांगतो. तळोजा आणि पाताळगंगा औद्योगिक वसाहती पनवेलच्या आजूबाजूलाच आहेत. पण संस्थेमार्फत काम करायचं तर तिची केंद्राकडे सीएसआर नोंदणी लागते आणि कामाचा अनुभव लागतो. पुन्हा तीच गोष्ट. एकटा कलाकार या दारातून आत जाऊ शकत नाही.

इतर देशांत काय करतात?

ऑस्ट्रेलियात शहरांबाहेरच्या कलाकारांसाठी वेगळा प्रादेशिक कला निधी आहे. तो राज्याराज्यांतल्या प्रादेशिक संस्थांमार्फत वाटला जातो आणि त्यात छोट्या, लवकर मंजूर होणाऱ्या रकमाही असतात. आयर्लंडने २०२२ मध्ये २,००० कलाकारांना तीन वर्षं आठवड्याला ३२५ युरो देण्याचा प्रयोग केला. तिथे पात्र ठरलेल्यांतून चिठ्ठ्या काढल्यासारखी निवड झाली, कोण मोठा कलाकार हे ठरवत बसले नाहीत.

आपल्याकडे त्या रकमा शक्य नाहीत. पण दोन गोष्टी घेता येतात : मदत जवळच्या माणसांमार्फत पोहोचवणं आणि छोट्या रकमेसाठी मोठा पुरावा न मागणं.

पनवेलमध्ये काय करता येईल?

पहिली गोष्ट, गावाची साक्ष पुरावा म्हणून ग्राह्य धरणं. ज्या कलेचा कागद तयारच होत नाही, तिच्यासाठी ग्रामसभेचा ठराव, तिने गायलेल्या पाच-दहा लग्नघरांची लेखी निवेदनं आणि एक ध्वनिचित्रमुद्रण पुरेसं मानता येईल. पनवेल महापालिका २०१६ मध्ये झाली आणि २९ गावं तिच्यात गेली. तिथे आता ग्रामसभा नाही, त्यामुळे हेच काम प्रभाग कार्यालयाला करावं लागेल.

दुसरी गोष्ट, कार्यालयानेच वाडीवर जाणं. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन मोहिमेत विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठी वस्त्यांवर शिबिरं घेऊन आधार आणि बँक खाती काढली गेली. कातकरी वाड्यांवर अशाच शिबिरात कलावंतांचे अर्ज भरता येतील. फक्त ते पावसाळ्यात, माणसं घरी असताना व्हायला हवं.

तिसरी गोष्ट, शिकवण्यासाठी पैसा. मानधन ५० व्या वर्षानंतर मिळतं. ते सन्मानाचं आहे आणि हवंच. पण त्यातून धवला पुढच्या पिढीकडे जात नाही. तालुक्यातलं एखादं नोंदणीकृत मंडळ, महाविद्यालय किंवा नाट्य परिषदेची शाखा पुढे आली, तर गुरु-शिष्य अनुदानाचा अर्ज धवलारणींच्या वतीने करता येतो. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.

अर्ज करायचा असेल तर?

- ओळखीतल्या कलावंताचं गाणं किंवा वादन मोबाइलवर रेकॉर्ड करा. तारीख, गाव आणि प्रसंग नोंदवा.
- येत्या लग्नाच्या पत्रिकेत धवलारणीचं नाव छापा. तो साधा आणि खरा पुरावा आहे.
- उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला आधी काढून ठेवा.
- अटी आणि मुदत याची खात्री जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात किंवा सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडे करा. फॉरवर्ड झालेल्या लिंकवर आधार किंवा बँकेची माहिती भरू नका.

थोडक्यात, पैसा अगदीच नाही असं नाही. तो कागद असलेल्या कलेपर्यंत जातो आणि मांडवाच्या बाहेर थांबतो. वयस्कर धवलारणी हयात आहेत तोवरच गावाची साक्ष काढता येईल. त्यानंतर साक्ष द्यायला माणसं उरतील, पण धवला म्हणून दाखवायला कोणी नसेल.